विहीर काठोकाठ भरल्याचे दाखवणारा आलेख

गेल्या वर्षी १ मेच्या ग्रामसभेत आमच्या गावातील पाच विहिरींच्या पाणीपातळीचे आलेख मी पडद्यावर दाखवले. गाव साताऱ्याच्या माण तालुक्यातले, अवर्षणप्रवण पट्ट्यातले. त्यामुळे पाण्याच्या आलेखाकडे तिथे कोणी सहज म्हणून पाहत नाही, प्रत्येक जण आपल्या विहिरीची रेघ शोधतो. तिसऱ्या विहिरीचा आलेख आला तेव्हा मागे बसलेले एक वयस्क शेतकरी उभे राहिले. ती विहीर त्यांची होती. ते म्हणाले, "ताई, पाडव्याच्या सुमाराला माझ्या विहिरीत घागर बुडत नव्हती, आणि तुमची ही रेघ तर काठाला जाऊन टेकलीय. हे कसं काय?"

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. विहिरीची पातळी आम्ही काठापासून पाण्यापर्यंतच्या खोलीने मोजतो, म्हणून आकडा जितका मोठा तितके पाणी खाली. आलेख पाहणाऱ्याला पाणी खाली गेलेले खालीच दिसावे यासाठी मी उभा अक्ष उलटा केला होता, म्हणजे शून्य वर आणि मोठे आकडे खाली. मार्चभर रेघ खाली खाली जात होती, १ एप्रिलला ती एकदम उसळून थेट शून्यावर, म्हणजे विहिरीच्या काठावर पोहोचली होती आणि १५ एप्रिलला पुन्हा तळाशी आली होती. माणदेशात भर उन्हाळ्यात पंधरा दिवसांसाठी एक विहीर काठोकाठ भरली आणि रिकामी झाली, असे माझा आलेख पन्नास-साठ माणसांसमोर सांगत होता. प्रत्यक्षात १ एप्रिलला त्या विहिरीची मोजणीच झाली नव्हती.

मी नोकरीनिमित्त पुण्यात राहते. गावातला एक तरुण दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला टेपला वजन बांधून पाचही विहिरी मोजतो, आकडे फोनवर कळवतो, आणि मी ते एक्सेलच्या शीटमध्ये भरते. मोजणी झाली नाही तर ती जागा मी मोकळी सोडते. इथपर्यंत सगळे बरोबर होते. चूक पुढच्या पायरीवर झाली. आलेखासाठी मी वेगळी शीट केली होती आणि तिच्यातला प्रत्येक सेल मूळ नोंदींच्या शीटमधल्या सेलकडे बोट दाखवत होता. एक्सेलमध्ये रिकाम्या सेलकडे नुसते बरोबरचे चिन्ह लावून निर्देश केला, तर उत्तर रिकामे येत नाही, शून्य येते. दुसऱ्या तक्त्यातून आकडा शोधून आणणारी व्हीलुकअप किंवा एक्सलुकअप ही फंक्शने वापरली तरी तेच होते: शोधलेली ओळ सापडली पण तिच्यातला सेल रिकामा असला, तर फंक्शन शून्य परत करते. मूळ शीटवर माझी जागा मोकळी होती, आणि एका सूत्राचे अंतर ओलांडताच ती मोकळी जागा एक आकडा होऊन बसली होती.

माझे वडील तालुक्याच्या कचेरीत कारकून होते. लहानपणी त्यांच्या तोंडी दोन शब्द मी सारखे ऐकले, त्यांतला एक 'निरंक' आणि दुसरा 'अप्राप्त'. एखाद्या गावातून अहवाल आला आणि त्यात कळवण्यासारखे काही नसले, तर त्या रकान्यात 'निरंक' लिहायचे; अहवालच आला नसला तर 'अप्राप्त' लिहायचे. या दोहोंची गल्लत झालेली त्यांना अजिबात चालत नसे, कारण निरंक हे त्या गावाचे उत्तर आहे आणि अप्राप्त म्हणजे उत्तराची अजून वाट पाहायची आहे. रकाना नुसता कोरा ठेवणे तर त्यांच्या लेखी सर्वांत वाईट, कारण तो कोणी चुकून कोरा ठेवला की मुद्दाम, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. संगणकाच्या शीटमध्ये काम करताना आपण हे दोन शब्द हरवून बसतो. आपल्याकडे उरतात शून्य आणि कोरा सेल, आणि आलेख काढणारी आज्ञावली या दोहोंचा अर्थ स्वतःच्या नियमांनी लावते. हे नियम माहीत असणे मला आता अत्यंत आवश्यक वाटते, म्हणून हा लेख.

ग्रामसभेनंतर त्याच रात्री मी दुरुस्तीला बसले. पहिला उपाय सुचला तो बहुतेकांना सुचतो तोच. इफ फंक्शन घेतले आणि मूळ सेल रिकामा असेल तर दोन अवतरणचिन्हे, म्हणजे कोरी अक्षरमाला, नसेल तर आकडा, असे सूत्र लिहिले. शीटवर शून्य नाहीसे झाले आणि सेल स्वच्छ मोकळा दिसू लागला. आलेखावरची रेघ मात्र काठाला टेकलेली ती टेकलेलीच राहिली. याचे कारण असे की दोन अवतरणचिन्हांमधली कोरी अक्षरमाला हा रिकामा सेल नसतो. तो मजकूर असतो, फक्त त्या मजकुरात एकही अक्षर नसते. इझब्लँक फंक्शनला विचारले तर ते हा सेल रिकामा नाही असेच उत्तर देते. आणि रेषालेखात एक्सेल मजकुराला शून्य समजून रेखाटते. एक्सेलमधले कोणतेही सूत्र खऱ्या अर्थाने रिकामा सेल परत करू शकत नाही, ही मर्यादा एकदा नीट समजली की पुढचा बराच गोंधळ टळतो.

शून्य केवळ दिसेनासे करणारे उपायही याच कारणाने निरुपयोगी ठरतात. फाइलच्या पर्यायांमध्ये शून्य असलेल्या सेलमध्ये शून्य दाखवू नये अशी सोय आहे, आणि आकड्याच्या स्वरूपात बदल करूनही शून्य लपवता येते. दोन्ही उपाय डोळ्यांपुरते आहेत. सेलमधले मूल्य शून्यच राहते आणि आलेख मूल्य पाहतो.

चालणारा उपाय म्हणजे एनए हे फंक्शन. सूत्रात कोऱ्या अक्षरमालेऐवजी एनए आणि त्यापुढे मोकळा कंस लिहिला, की सेलमध्ये '#एन/ए' ही त्रुटी उमटते. ती पाहून पहिल्यांदा काही तरी बिघडले असे वाटते, पण मूल्य उपलब्ध नाही एवढाच तिचा अर्थ आहे. वडिलांच्या भाषेत 'अप्राप्त'. रेषालेखात या ठिकाणी एक्सेल बिंदू काढत नाही. रेघेचे काय होते हे मात्र आवृत्तीवर अवलंबून आहे. जुन्या आवृत्त्यांत रेघ त्या जागेवरून सरळ पुढच्या बिंदूपर्यंत जोडली जाते. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत '#एन/ए' ला रिकाम्या सेलसारखे वागवण्याचा एक पर्याय आला आहे आणि नव्या आलेखांत तो आधीपासून चालू असतो, त्यामुळे तिथे रेघ तुटू शकते. म्हणून एकच फाइल माझ्या लॅपटॉपवर आणि ग्रामपंचायतीच्या जुन्या संगणकावर वेगळी दिसली, तर त्यात नवल नाही. आलेख छापून किंवा चित्र म्हणून पाठवायचा असेल तर हा प्रश्न उरत नाही. फाइल पाठवायची असेल तर समोरच्याकडची आवृत्ती विचारून घ्यावी.

खरोखर रिकामे असलेले सेल कसे दाखवायचे हे ठरवण्याची जागा एक्सेलमध्ये थोडी आडबाजूला आहे. आलेखावर उजवी कळ दाबून 'सिलेक्ट डेटा' उघडले की खालच्या कोपऱ्यात 'हिडन अँड एम्प्टी सेल्स' असे बटण सापडते. तिथे तीन पर्याय आहेत: जागा मोकळी सोडणे, शून्य धरणे, किंवा आजूबाजूचे बिंदू रेघेने जोडणे. वर सांगितलेला '#एन/ए' चा पर्यायही तिथेच आहे, आणि लपवलेल्या ओळी-रकान्यांतले आकडे आलेखात घ्यायचे की नाही हेही तिथेच ठरते. ही शेवटची गोष्ट लहान वाटते, पण फिल्टर लावल्यावर किंवा एखादा रकाना लपवल्यावर आलेख अर्धा गायब झाला, या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा तिथेच असते.

या तिन्हींपैकी कोणता पर्याय निवडायचा हे मोजत असलेल्या वस्तूच्या स्वभावावरून ठरते असे मला वाटते, आणि विहीर व पाऊस यांच्याइतके हे स्पष्ट करणारे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

विहिरीतले पाणी दोन मोजण्यांच्या मधल्या काळातही कुठल्या तरी पातळीवर असतेच. उन्हाळ्यात पाऊस नाही, भरणी नाही, उपसा चालू आहे. तेव्हा १५ मार्च आणि १५ एप्रिल यांच्या मध्ये पातळी या दोन आकड्यांच्या आसपास कुठे तरी असणार, असे मानायला आधार आहे. म्हणून इथे बिंदू जोडणे अगदीच अप्रामाणिक नाही, निदान रेघ ठिपक्यांची केली तर. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. त्या चार बिंदूंना जोडणारी रेघ पाहताना मधल्या महिन्यांत कोणी मोजले नाही हे आपण जाणतोच, आणि तरीही ती रेघ उपयोगी पडते. पावसाळ्यात मात्र एका रात्रीत दोन मीटर पाणी चढू शकते. जुलैमधली चुकलेली मोजणी मी कधीच जोडत नाही. तिथे रेघ तोडते.

पाऊस याच्या उलट स्वभावाचा. सोमवारी ३० मिलिमीटर आणि बुधवारी २० मिलिमीटर पडला म्हणून मंगळवारी २५ पडला असेल, असे म्हणण्यात काहीही अर्थ नाही. पावसाच्या दैनंदिन आकड्यांची रेघ काढणेच मला पटत नाही, तिथे स्तंभालेख हवा. शिवाय पावसात शून्य ही अत्यंत महत्त्वाची नोंद आहे. पावसाने किती दिवस ओढ दिली, खंड किती दिवसांचा होता, दुबार पेरणीची वेळ का आली, हे सगळे त्या शून्यांतूनच कळते. भारतीय हवामानशास्त्र विभागाची रोजची नोंद सकाळी साडेआठ वाजता होते आणि ज्या दिवशी २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडला तो 'पावसाळी दिवस' धरला जातो. आता एखाद्या गावात आठवडाभर मोजणारा माणूस लग्नाला गेला आणि त्या सात कोऱ्या जागांची सात शून्ये झाली, तर कागदावर सात दिवसांचा खंड तयार होतो. खऱ्या खंडाने होरपळलेल्या शेतकऱ्याच्या नोंदीला जे वजन असायला हवे, ते अशा खोट्या खंडांमुळे कमी होते. मला या विषयाची इतकी कळकळ का वाटते त्याचे हे खरे कारण आहे.

स्तंभालेखाची एक अडचण मात्र कोणत्याही पर्यायाने सुटत नाही. रेषालेखात रेघ तुटली की डोळ्यांना कळते, पण स्तंभालेखात शून्याचाही स्तंभ नसतो आणि रिकाम्या सेलचाही नसतो. जागा मोकळी सोडा किंवा शून्य धरा, दिसणारे चित्र एकच. म्हणून मी आता पावसाच्या आलेखात दुसरी मालिका घालते. वेगळ्या रकान्यात इफ सूत्र असते: नोंदीचा सेल रिकामा असेल तर एक ठरावीक लहान आकडा, नसेल तर '#एन/ए'. या मालिकेला फिकट करडा रंग देते, दोन्ही मालिकांचा ओव्हरलॅप शंभर टक्के करते, म्हणजे दोन्हींचे स्तंभ एकाच जागी येतात, आणि सूचीत तिचे नाव 'नोंद नाही' असे ठेवते. निळे स्तंभ म्हणजे पाऊस, करडे ठोकळे म्हणजे न झालेली नोंद, आणि जिथे दोन्ही नाहीत तिथे खरोखर कोरडा दिवस. तीन अवस्था तीन प्रकारे दिसतात आणि गावातल्या कोणालाही त्या समजावून सांगाव्या लागत नाहीत.

पावसाच्या नोंदीत आणखी एक खोच आहे. पर्जन्यमापक दोन दिवस कोणी रिकामा केला नाही, तर तिसऱ्या दिवशी त्यात तिन्ही दिवसांचे पाणी साठलेले मिळते. आधीचे दोन दिवस शून्य धरले तर आलेखात दोन कोरडे दिवस आणि मग एक मुसळधार दिवस दिसतो, जसा तो कधी पडलाच नव्हता. महिन्याची बेरीज बरोबर येते, पण रोजचे चित्र खोटे ठरते. अशा आकड्याला मी वेगळा रंग देते आणि शेरा लिहिते; त्याची तीन दिवसांत समान वाटणी करत नाही.

शेजारच्या गावाचा आकडा उसना घ्यावा का, असेही कोणी कोणी विचारतात. विहिरीच्या बाबतीत तर नाहीच, पण पावसाच्या बाबतीतही किती जपावे लागते ते २६ जुलै २००५ च्या मुंबईवरून कळावे. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या केंद्रावर ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच शहरात कुलाब्याच्या केंद्रावर सुमारे ७३ मिलिमीटर. समजा त्या दिवशी सांताक्रूझची नोंद झाली नसती आणि कोणी ती जागा कुलाब्याच्या आकड्याने भरली असती, तर त्या दिवसाचे मुंबईचे काय चित्र उरले असते?

आता सरासरीकडे येते, कारण आलेखात आपण बहुतेक वेळा सरासरीची रेघही काढतो आणि तिथे कोरे सेल वेगळेच वागतात. उदाहरणादाखल एका आठवड्याचे आकडे घ्या: १२, ०, ०, ३४, कोरा, ८, कोरा. बेरीज ५४. ऍव्हरेज फंक्शन रिकामे सेल मोजत नाही, म्हणून ते ५४ ला ५ ने भागते आणि १०.८ सांगते. कोऱ्या जागी शून्य टाकले की भागाकार ७ ने होतो आणि उत्तर ७.७ येते. दोन्ही उत्तरे गणिती दृष्ट्या चोख आहेत, पण पहिले उत्तर नोंद झालेल्या पाच दिवसांपुरते खरे आहे आणि दुसऱ्यात दोन दिवस कोरडे गेल्याचा एक न तपासलेला दावा दडलेला आहे. विहिरींच्या बाबतीत हा परिणाम उलट दिशेने होतो: खोलीच्या सरासरीत शून्य मिसळले की पाणी आहे त्यापेक्षा वर दिसते, म्हणजे टंचाई झाकली जाते.

याहून अधिक फसवी गोष्ट अशी की आलेख आणि ऍव्हरेज फंक्शन एकाच सेलचा अर्थ वेगवेगळा लावतात. कोरी अक्षरमाला असलेला सेल रेषालेख शून्य समजतो, पण ऍव्हरेज तो मजकूर म्हणून सोडून देते. '#एन/ए' च्या बाबतीत उलट होते: आलेख तो शहाण्यासारखा वगळतो, पण बेरीज आणि सरासरी त्याला अडखळतात आणि स्वतःही '#एन/ए' दाखवतात. या कारणाने मी '#एन/ए' फक्त आलेखासाठीच्या रकान्यात ठेवते आणि बेरीज-सरासरी नेहमी मूळ नोंदींच्या रकान्यावरून काढते. नाइलाजाने '#एन/ए' असलेल्या रकान्याचीच सरासरी काढायची वेळ आली, तर ॲग्रिगेट फंक्शनमध्ये त्रुटी वगळण्याचा सहा क्रमांकाचा पर्याय आहे. आणि छापील पत्रकात '#एन/ए' डोळ्यांना खुपत असेल तर इझएनए फंक्शनवर आधारित सशर्त स्वरूपण लावून त्या अक्षरांचा रंग पांढरा करता येतो. आलेखाला त्याने काही फरक पडत नाही.

हाताने भरलेल्या शीटमध्ये तर रिकाम्या सेलची आणखी सोंगे सापडतात. कोणी आडवी रेघ ओढतो, कोणी 'निरंक' असे अक्षरांत लिहितो, कोणी चुकीचा आकडा पुसण्यासाठी स्पेसबार दाबून पुढे जातो. हे तिन्ही सेल एक्सेलच्या दृष्टीने मजकूर आहेत आणि तिन्ही रेषालेखात शून्यावर जातात. स्पेसबारचा सेल सर्वांत धोक्याचा, कारण तो दिसायला पूर्ण मोकळा असतो. हवामानशास्त्रात ०.१ मिलिमीटरपेक्षा कमी पावसाला 'ट्रेस' म्हणतात. पाऊस शिंपडून गेला पण मोजण्याइतका नव्हता, असा त्याचा अर्थ. ही नोंद बेरजेत शून्याइतकीच असली तरी त्या दिवशी माणूस मापकापाशी गेला होता याची ती साक्ष आहे. मात्र 'ट्रेस' हा शब्द आकड्याच्याच रकान्यात लिहिला तर सरासरी तो दिवस वगळून टाकते. म्हणून आकड्याच्या रकान्यात ० आणि शेऱ्याच्या रकान्यात 'ट्रेस', अशी पद्धत मी ठेवली आहे. महिन्याअखेर काउंट फंक्शनने आकडे असलेले सेल आणि काउंटएने भरलेले सेल मोजून पाहते. दोन संख्यांत फरक आला की कुठे तरी मजकूर शिरला आहे हे लगेच समजते.

इंटरनेटवरून उतरवलेल्या आकडेवारीत कोऱ्या जागेसाठी एखादा अशक्य आकडा लिहिण्याची जुनी पद्धत आहे. हवामानशास्त्र विभागाच्या जाळीबद्ध, म्हणजे नकाशावरच्या चौकटीनिहाय, पर्जन्य आकडेवारीत गहाळ मूल्य उणे ९९९ असे लिहिलेले असते आणि तापमानाच्या आकडेवारीत ९९.९ असे. उणे ९९९ मिलिमीटर पाऊस आलेखात लगेच नजरेत भरतो, म्हणून तो मला त्यातल्या त्यात सुरक्षित वाटतो. ९९.९ अंश तापमान मात्र महिन्याच्या सरासरीत गुपचूप मिसळून तिला दोन-तीन अंशांनी वर नेऊ शकते. अशी फाइल उघडल्यावर आधी हे आकडे शोधून ते सेल रिकामे करावेत आणि मगच आलेखाला हात लावावा.

इतर काही ठिकाणे थोडक्यात सांगते. वृत्तालेखात आणि विभाजित स्तंभालेखात शून्य मूल्यांची लेबले एकमेकांवर चढून गर्दी करतात. लेबलांच्या आकड्याचे स्वरूप बदलून त्यात शून्य आणि त्यापुढे तीन अर्धविराम लिहिले तर फक्त धन आकड्यांची लेबले उरतात. क्षेत्रालेखात जागा मोकळी सोडण्याचा पर्याय निवडला तरी रंगवलेला भाग शून्यापर्यंत खाली कोसळतो, त्यामुळे खंडित नोंदींसाठी तो प्रकार मी वापरतच नाही. लॉग अक्षावर, म्हणजे जिथे प्रत्येक पायरी आधीच्या दसपट असते तिथे, शून्य बसूच शकत नाही. विखुरलेल्या बिंदूंच्या आलेखात आडव्या अक्षाच्या आकड्यांमध्ये एखादा मजकूर शिरला तर एक्सेल सगळेच आकडे सोडून १, २, ३ असे क्रमांक धरते.

गूगल शीट्समध्ये काम करणाऱ्यांना एक सोय अधिक आहे: तिथे इफ फंक्शनमध्ये दोन स्वल्पविरामांच्या मध्ये काहीच न लिहिता जागा सोडली तर सूत्र खरोखर रिकामे मूल्य परत करते. एक्सेलमध्ये तसेच केले तर शून्य मिळते, तेव्हा शीट एकीकडून दुसरीकडे नेताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो. रेषालेखातली मोकळी जागा जोडण्यासाठी गूगल शीट्सच्या आलेख संपादकात 'प्लॉट नल व्हॅल्यूज' अशी चौकट आहे. लिबरऑफिस कॅल्कमध्ये मालिकेच्या पर्यायांत जागा सोडणे, शून्य धरणे आणि रेघ पुढे चालू ठेवणे असे तीन पर्याय मिळतात.

आणि एक गोष्ट अशी की जिच्याकडे माझे स्वतःचे बरेच महिने लक्ष गेले नव्हते. जागा मोकळी सोडण्याचा पर्याय तेव्हाच काम करतो जेव्हा ती जागा शीटवर असते. ज्या दिवशी नोंद झाली नाही त्या दिवसाची ओळच लिहिली नसेल, तर आलेखाच्या दृष्टीने काहीही गहाळ नाही. ३ जूनचा बिंदू तो थेट १० जूनला जोडून मोकळा होतो. आडवा अक्ष तारखांचा असेल तर निदान अंतर प्रमाणात दिसते, आणि तो मजकुराचा असेल तर ते सात दिवसही मिटून जातात आणि ३ व १० जून लागून असल्यासारखे दिसतात. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच मी पावसाच्या शीटवर सर्व ३६५ तारखा आणि विहिरींच्या शीटवर चोवीसही तारखा आधी उतरवून घेते. नोंद येवो वा न येवो, तारखेची जागा तिच्या नावाने राखून ठेवलेली असते.

त्या ग्रामसभेनंतर आम्ही मूळ नोंदींच्या शीटमध्ये आकड्याशेजारी 'कारण' नावाचा एक रकाना वाढवला. आकडा असेल तर तो मोकळा राहतो. आकडा नसेल तर तो भरल्याशिवाय पुढे जायचे नाही, असे त्या तरुणाचे आणि माझे ठरले आहे. त्यात तो लिहितो: गावाला गेलो होतो, विहिरीवर मोटार चालू होती, विहिरीचे काम सुरू होते, पाऊस फार होता. विहीर पूर्ण कोरडी पडली तर तीही वेगळी अवस्था आहे. तिथे पाण्याची खोली मोजताच येत नाही आणि तरी मोजणी झालेली असते, म्हणून आम्ही तळाची खोली लिहून 'कोरडी' असा शेरा देतो आणि आलेखात तो बिंदू पोकळ वर्तुळाने दाखवतो. गेल्या उन्हाळ्यात अशी तीन पोकळ वर्तुळे होती. हिवरे बाजारसारखी गावे पाण्याचा ताळेबंद दरवर्षी गावासमोर मांडतात हे आपण ऐकतो; तसा ताळेबंद आमच्या गावातही कधी मांडायचा असेल तर त्याच्या एका बाजूला हे कोरे रकाने त्यांच्या कारणांसह यायला हवेत, असा माझा आग्रह आहे आणि ग्रामपंचायतीने तो मान्य केला आहे.

दुरुस्त केलेला आलेख छापून आम्ही शाळेच्या भिंतीवर लावला. तिसऱ्या विहिरीची रेघ १५ मार्चपर्यंत खाली येते, थांबते, आणि १५ एप्रिलला आणखी खालून पुन्हा सुरू होते. मधल्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरांत लिहिले आहे: '१ एप्रिल, मोजणी झाली नाही, टेप तुटली होती.' ते शेतकरी आलेखासमोर बराच वेळ उभे राहिले, मग त्यांनी त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवले आणि मला सांगितले की त्या दिवशी टेप त्यांच्याच विहिरीच्या कडेच्या दगडात अडकून तुटली होती, वजन अजून तळाशी आहे, आणि पाणी आणखी उतरले की ते काढून देतील.